फ्लॅप वर का जाईना

शनिवार, रात्री उशिरा. ओहायो.

मी बांधतोय त्या आरव्ही-७ या छोट्या विमानाचा डावा फ्लॅप (पंखाच्या मागचा, उतरताना खाली घ्यायचा भाग) पूर्ण वर घेतला तरी त्याची मागची कड शेजारच्या आयलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या भागाच्या) कडेला जुळत नाही, चारेक मिलिमीटर खाली राहते. उजवीकडे दोन्ही कडा एका ओळीत.

असं दिसलं की हात आपसूक पुशरॉडकडे, म्हणजे फ्लॅप हलवणाऱ्या दांड्याकडे जातो. मी आधी आयलेरॉन तपासला. फ्लॅप त्याच्याशी जुळवायचा, तर आयलेरॉन स्वतः न्यूट्रलला, म्हणजे वरही नाही आणि खालीही नाही असा आहे ना, हे नको बघायला? पंखाच्या टोकाच्या रिबला (फासळीला) दोन टूलिंग होल, म्हणजे ती घडवतानाची भोकं असतात. त्यांच्या मध्यावरून मागे ताणलेला दोरा आयलेरॉनच्या कडेवर यायला हवा. आला. म्हणजे चोर फ्लॅपकडेच.

फरक आत कमी आणि बाहेर जास्त असता, तर फ्लॅपलाच पीळ बसला म्हणायचं. रिव्हेट मारून झाल्यावर असा पीळ सहसा निघत नाही, नवा फ्लॅप करत बसा! इथे फरक सगळीकडे सारखा. हुश्श.

मग पुशरॉड. त्याच्या टोकाला फिरवून बसवलेल्या जोडाला, रॉड-एंडला, इंचाला २८ आटे, म्हणजे पूर्ण फेऱ्याला ०.९ मिमी. पुशरॉडचा बोल्ट फ्लॅपच्या बिजागरीच्या जवळ आणि मागची कड लांब, त्यामुळे तिथे हाच फरक काही पट होऊन दिसतो. अर्धा फेरा आत घेतला, बोल्ट बसवला, स्विच दाबला. फ्लॅप ढिम्म. मोटर तेवढी कण्हली.

शेवटी कागदाची पट्टी घेतली आणि फ्लॅपचं आतलं टोक फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) खालच्या पत्र्याजवळ येतं तिथे सरकवत गेलो. एका जागी अडकली. नखाएवढ्या जागेत पत्रा फ्लॅपला टेकत होता. तिथला प्रायमर घासून खालचं अॅल्युमिनियम चमकत होतं. पत्र्याची कड बारीक कानशीने घासली, धार मोडली, प्रायमरचा हात दिला. फ्लॅप वर गेला, कागद मोकळा. आणि मघाचा अर्धा फेरा उलटा फिरवावा लागला, कारण पुशरॉड मुळात बरोबरच होता.

मध्येच आईचा फोन. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांची बातमी वाचल्यापासून तिचा एकच प्रश्न : "त्यांचं झालं, तुझं कधी?" त्यांचं सहा आसनी, माझं दोन आसनी, हे तिला सांगण्यात अर्थ नाही.

फ्लॅप पूर्ण खाली घेऊन डिजिटल गेजने दोन्ही बाजूंचा कोन पाहिला. ४०° असतो, पण मला आकड्यापेक्षा दोन्ही बाजू सारख्या आहेत ना याची जास्त काळजी; उतरताना एक फ्लॅप कमी आणि एक जास्त असला तर विमान एका अंगावर कलतं. पुशरॉडचा लॉकनट आवळून त्यावर नारिंगी खूण केली. नट सैल झाला की खूण तुटलेली दिसते.

उद्या पंखांची फायबरग्लासची टोकं. त्यांची मागची कड आयलेरॉनशी जुळवायची. नाही जुळली तर टोक चिरून पुन्हा चिकटवायचं, आयलेरॉनला हात लावायचा नाही.