गुरुवारचा रकाना

माझी थोरली बहीण गेली सहा वर्षे प्रतिपालक म्हणून काम करते. ज्या मुलांना काही काळ आईवडिलांजवळ राहता येत नाही, अशी मुले संस्थेमार्फत तिच्या घरी येतात, काही आठवडे, काही महिने, क्वचित दोन वर्षेही राहतात, आणि मग स्वतःच्या घरी, एखाद्या नातेवाइकाकडे किंवा दत्तक कुटुंबात जातात. याला आपण सर्रास फॉस्टर केअर म्हणतो आणि बहुतेक लोक त्याची दत्तकाशी गल्लत करतात. दत्तक घेतलेले मूल कायद्याने आपले होते. प्रतिपालनात मात्र ते दुसऱ्याचे आहे, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते आणि तरीही हात आखडता घेऊन चालत नाही. मी स्वतः प्रतिपालक नाही. त्या घराभोवती जी दहा-बारा माणसे आहेत त्यांतली मी एक आहे, आणि आज मला त्या माणसांविषयीच लिहायचे आहे. मुलांची नावे किंवा ती ओळखू येतील असे तपशील इथे येणार नाहीत. त्याचे कारण पुढे येईलच.

ताईच्या स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तिने पट्टीने रकाने आखले आहेत: शाळेतून आणणे, डॉक्टरांकडे नेणे, भेटीच्या दिवशीची संध्याकाळ, ताईला दोन तास झोप, गुरुवार. प्रत्येक रकान्यात एकेक नाव आणि फोन नंबर आहे. अगदी खाली ‘रात्री दोननंतर’ असा एक रकाना आहे आणि तो पहिली अडीच वर्षे कोरा होता. मी तो अनेकदा पाहिला होता, पण त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. रात्री दोन वाजता एखादे मूल किंचाळत उठते, दाराकडे धावते, जवळ गेलेल्या माणसाला चावते. तासाभराने ते झोपी जाते आणि ताई मात्र पायरीवर बसून राहते. त्या वेळी फोन करावा असे तिच्याकडे कोणीही नव्हते, आणि हे सांगावे असेही तिला वाटले नव्हते.

असे का होते, याचा मी बराच विचार केला आहे. प्रतिपालक होण्याआधी माणसाची कसून चौकशी होते. घर, उत्पन्न, स्वभाव, बालपण, वैवाहिक संबंध, सारे काही विचारले जाते. त्या चौकशीतून पार पडलेल्या माणसाला नंतर ‘मला झेपत नाही’ असे म्हणणे फार जड जाते, कारण ते वाक्य अहवालात कसे उमटेल आणि त्यामुळे मूल हलवले जाईल का, ही धास्ती असते. नातेवाईकही नकळत त्यात भर घालतात. ‘तूच तर हौसेने हे अंगावर घेतलेस’ हे वाक्य आमच्याच घरात बोलले गेले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिल्या वर्षी ते एकदा माझ्याही तोंडून गेले आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 2009 साली मुलांच्या पर्यायी संगोपनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. मूल घरी येण्यापूर्वी, ते असताना आणि ते गेल्यानंतरही प्रतिपालकांना तयारी, आधार आणि समुपदेशन नियमितपणे मिळावे, तसेच त्यांच्या संघटना उभ्या राहाव्यात म्हणजे ते एकमेकांना आधार देऊ शकतील, असे त्यांत स्पष्टपणे म्हटले आहे. ‘ते गेल्यानंतरही’ हे शब्द ज्याने मसुद्यात घातले असतील, त्याला हे काम जवळून ठाऊक असावे. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी आधार म्हणजे समाजसेविकेची ठरलेली भेट आणि एक दूरध्वनी क्रमांक, इतकेच असते. ताईच्या सहा वर्षांत चार समाजसेविका बदलल्या. त्यांतली एकही वाईट नव्हती. प्रत्येकीकडे मुले जास्त होती आणि वेळ कमी होता.

या संदर्भात मला सर्वांत पटलेली कल्पना ‘मॉकिंगबर्ड’ या नावाने ओळखली जाते. ती 2004 साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सुरू झाली आणि 2015 पासून ब्रिटनमध्येही रुजू लागली. तिची रचना सोपी आहे. एका अनुभवी प्रतिपालकाचे घर मध्यभागी असते आणि त्याच्याभोवती साधारण सहा ते दहा प्रतिपालक कुटुंबे जोडलेली असतात; या समूहाला ते तारकासमूह म्हणतात. मधल्या घरात पाहुण्या मुलांसाठी खाटा राखून ठेवलेल्या असतात. एखाद्या आठवड्यात घरचे वातावरण तापले, आजारपण आले किंवा पालकाला नुसती विश्रांती हवी असली, तर मूल त्या घरी एक-दोन रात्री राहायला जाते. ते घर त्याच्या ओळखीचे असते, कारण महिन्यातून एकदा सगळी कुटुंबे तिथे जमतात आणि मुले एकत्र खेळतात. मामाकडे किंवा आत्याकडे राहायला जावे तसेच हे आहे. ज्या मुलाला आधीच तीन घरे बदलावी लागली आहेत त्याला ‘विश्रांतीच्या सोयीसाठी’ आणखी एका अनोळखी घरी पाठवणे आणि ओळखीच्या घरी पाठवणे यांत किती अंतर आहे, हे सांगायला कोणत्याही संशोधनाची गरज पडू नये.

आमच्याकडे तारकासमूह नव्हता, कागदावरचे रकाने होते. माझ्या वाट्याला गुरुवार आला. त्या वेळी ताईकडे सात वर्षांचा एक मुलगा होता. दर गुरुवारी पाच वाजता मी जायचे आणि त्याच्याबरोबर साडेसहापर्यंत थांबायचे, एवढेच काम होते. मी उत्साहाने खेळ घेऊन गेले, गोष्टींची पुस्तके घेऊन गेले. त्याने कशालाही हात लावला नाही. ताई म्हणाली, “तू काही आणू नकोस गं. तुझं काहीतरी काम आण आणि नुसती बस.” तेव्हापासून मी माझे विणकाम नेऊ लागले. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशा जागी बसायचा. सहा-सात आठवडे आमच्यात चार वाक्येही झाली नसतील, आणि आपण इथे येऊन नेमके काय करतो, असा प्रश्न मला परतताना दर वेळी पडायचा. मग एका गुरुवारी मला यायला उशीर झाला. मी आत शिरले तेव्हा तो घड्याळासमोर उभा होता, माझी लोकरीची पिशवी ज्या स्टुलावर मी ठेवत असे ते स्टूल त्याने खिडकीजवळ ओढून ठेवले होते, आणि माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “वीस मिनिटं.” त्यानंतर मी कधीही उशीर केला नाही. ताप आला तेव्हा आदल्या दिवशीच फोन करून त्याला स्वतःला तसे सांगितले.

अशा मुलांना माणसांची संख्या लागत नाही, हे मला त्यातून कळले. त्यांच्या आयुष्यात माणसे पुष्कळ येऊन गेलेली असतात: पोलीस, डॉक्टर, वकील, समुपदेशक, आधीचे पालक. मोजकी माणसे, ठरलेल्या वेळी, पुन्हा पुन्हा दिसणे हेच त्यांच्यासाठी दुर्मीळ असते. 1989 च्या बालहक्क संहितेच्या विसाव्या कलमात, घराबाहेर वाढणाऱ्या मुलाची सोय ठरवताना त्याच्या संगोपनातील सातत्याचा विचार व्हावा असे म्हटले आहे. सातत्य हा शब्द कागदावर कोरडा वाटतो, पण ते स्टूल पाहिल्यापासून मला तो तसा वाटत नाही.

भोवतीच्या माणसांना शिकावी लागणारी सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे न विचारणे. ‘याच्या आईने असे केले तरी काय?’ हा प्रश्न चांगल्या-चांगल्यांच्या ओठांवर येतो. मुलाची कहाणी ही मुलाची मालमत्ता आहे. ती मोठेपणी कोणाला सांगायची की नाही हे त्याने ठरवायचे, आणि म्हणून ताई ती मलाही सांगत नाही. मला सांगितले जाते ते फक्त कामापुरते: बाथरूमचे दार बाहेरून ओढू नको, मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नको, उशीच्या खोळीत खाण्याच्या वस्तू सापडल्या तर रागावू नको आणि काढूनही घेऊ नको. शेजारच्या एका बाई फार मदत करायच्या, पण प्रत्येक मदतीमागे एक प्रश्न असायचा. ताईने त्यांचे नाव कागदावरून हळूच काढून टाकले. त्या अजून दुखावलेल्या आहेत, आणि त्यांचे वाईटही वाटते, पण माझ्या मते ताईने केले तेच बरोबर होते.

मुलाच्या आधारजाळ्यात त्याची स्वतःची माणसेही येतात, हे मात्र पुष्कळांना रुचत नाही. आईशी भेट झाली की मूल दोन-तीन दिवस बिथरते, अंथरूण ओले करते, शाळेत भांडते. मग बघणारे म्हणतात, कशाला हव्यात त्या भेटी? 1960 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने काही लहानग्यांना, त्यांच्या आया प्रसूतीसाठी रुग्णालयात असताना, एकामागून एक स्वतःच्या घरी सांभाळले आणि त्यांच्या वागण्याच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. मुलाच्या सवयी त्यांनी आधीच विचारून घेतल्या, त्याच्या ओळखीच्या वस्तू जवळ राहू दिल्या आणि आईविषयी बोलणे चालू ठेवले. मुलांना विरह जाणवलाच, पण संस्थेत ठेवलेल्या मुलासारखी ती कोलमडली नाहीत. आईची आठवण पुसून टाकणे हा आधार नव्हे, ही गोष्ट त्या दोघांनी अशी घरातल्या घरात दाखवून दिली. ताईकडे भेटीच्या दिवशीची संध्याकाळ म्हणूनच वेगळ्या रकान्यात आहे: त्या दिवशी घरातली इतर कामे दुसरे कोणीतरी करते, आणि ती मुलाजवळ काहीही न करता बसू शकते.

या सगळ्यात माझा भाचा, म्हणजे ताईचा स्वतःचा मुलगा, बराच काळ कोणाच्याच रकान्यात नव्हता. त्याची खोली वाटली गेली, खेळणी मोडली गेली, आईचा वेळ गेला, आणि ‘तू मोठा आहेस, तू समजून घे’ हे त्याने शेकडो वेळा ऐकले. त्याला घेऊन फिरायला जाणारे कोणीतरी हवे, हे अखेर त्याच्या शिक्षिकेच्या लक्षात आले. आमच्या कोणाच्याही आले नाही.

तिसऱ्या वर्षी ताई एका वेगळ्याच प्रकारे थकली. ती सगळे करत होती, डबा, अभ्यास, औषधे, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हते. डॅनियल ह्यूज आणि जोनाथन बेलिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या अवस्थेचे वर्णन केले आहे: सतत नाकारले गेल्यावर पालकाच्या मेंदूतली मायेची वाट जणू बंद होते, कर्तव्य चालू राहते आणि त्यातला आनंद आटतो. हे दुष्टपणाचे लक्षण नाही, दीर्घ ताणाचा तो परिणाम आहे, आणि अशा वेळी उपदेश कामाचा नसतो. ताईला त्यातून बाहेर काढले ते दुसऱ्या एका प्रतिपालक बाईंनी. ‘मला हा मुलगा आवडेनासा झाला आहे’ असे ताई त्यांच्यासमोर एकदाच म्हणाली आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “माझंही दोनदा झालंय. झोपतेस किती?” आम्हा बाकीच्यांपुढे ती हे कधीच बोलली नसती, आणि बोलली असती तरी आम्ही दचकलो असतो. ‘रात्री दोननंतर’च्या रकान्यात आता त्या बाईंचा नंबर आहे. ताईने तो फार वेळा लावलेला नाही. तो तिथे आहे म्हणून तिला झोप लागते, असे ती सांगते.

माझ्या गुरुवारचा तो मुलगा गेल्या वर्षी आपल्या मावशीकडे राहायला गेला. ज्याच्यासाठी सगळी धडपड होती तेच झाले, म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केले. केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 मध्ये अशा दुःखांविषयी लिहिले होते, ज्यांना समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. प्रतिपालकाचा निरोप त्यांतलाच एक. कोणी समाचाराला येत नाही, रजा मिळत नाही, आणि दोन आठवड्यांत संस्थेचा फोन येतो की जागा आहे का. त्या दोन आठवड्यांतल्या दोन्ही गुरुवारी मी पाच वाजता गेले. आम्ही त्याच्याविषयी फारसे बोललो नाही. त्याने मागे ठेवलेला मोज्यांचा एक जोड ताईने धुऊन, घडी करून मावशीच्या पत्त्यावर पाठवायला काढला होता, एवढेच.

आता तिथे नऊ वर्षांची एक मुलगी आहे. ताईने कागद नव्याने आखला आहे. भाच्यासाठी शनिवारचा रकाना आला आहे, दोन नावे गळली आहेत आणि एक नवे आले आहे. माझे नाव गुरुवारीच आहे, फक्त वेळ साडेपाच झाली आहे, कारण हिची शाळा उशिरा सुटते.