अमळनेर ते नाशिक, अप्पांच्या किडनीसाठी

अप्पांचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) २.४, म्हणजे वाढलेलं आलं तेव्हा अमळनेरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "नेफ्रॉलॉजिस्टला दाखवा." म्हणजे किडनीवर औषधोपचार करणारे डॉक्टर. अप्पांचं आपलं एकच, "माले काय व्हयेल शे?" पायावर बोट दाबलं की खड्डा पडत होता, तरी!

घोळ मीच घातला. 'किडनी तज्ज्ञ' अशी पाटी पाहून जळगावला नंबर लावला. तीन तास बाकावर बसून आत गेलो, तर डॉक्टर निघाले युरॉलॉजिस्ट. म्हणजे सर्जन, मुतखडा, प्रोस्टेट ही त्यांची कामं. माणूस भला, पण दिवस गेला तो गेलाच.

तेव्हा पाटी नाही, डिग्री वाचा. एमसीएच युरॉलॉजी म्हणजे ऑपरेशनवाले. आपल्याला हवेत ते डीएम किंवा डीएनबी नेफ्रॉलॉजी, एमडीनंतर आणखी तीन वर्षं याच विषयात घातलेले. फोन करतानाच विचारा, लाजू नका. रजिस्ट्रेशन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तपासता येतं.

नाशिकला मावसभाऊ राहतो, म्हणून तिथली अपॉइंटमेंट घेतली. अमळनेरहून जळगाव, तिथे गाडी बदलून पाचोरा, चाळीसगाव, मनमाड करत नाशिक रोड. स्टेशनवरून शहर अजून आठ-नऊ किलोमीटर आहे, त्यामुळे सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्रीच पोहोचलेलं बरं.

डॉक्टरांनी आधी रिपोर्ट पाहिलेच नाहीत. म्हणाले, "गोळ्या दाखवा." मी नावं सांगायला लागलो, तर म्हणाले, पाकिटं काढा. पिशवी टेबलावर उलटी केली. त्यात गुडघेदुखीची डायक्लोफेनॅकची अर्धी स्ट्रिप निघाली. अप्पा ती मेडिकलवरून आणून सहा महिने रोज घेत होते, घरात कुणाला पत्ता नाही. असल्या वेदनाशामक गोळ्या किडनीला घातक, त्यामुळे ती तिथल्या तिथे बंद झाली. म्हणून चिठ्ठ्यांच्या भरवशावर राहू नका, घरातली प्रत्येक स्ट्रिप न्या, काढ्याची बाटलीसुद्धा. जुने क्रिएटिनिनचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. किडनी हळूहळू बिघडली की एकदम, ते त्यावरून कळतं. सोनोग्राफी जवळ असू द्या. लघवीतलं प्रोटीन तपासायला सकाळची पहिली लघवी लागते, ते आधी विचारून ठेवलं तर एक मुक्काम वाचतो. आमचा वाचला नाही.

डायलिसिसची वेळ आमच्यावर आलेली नाही. ज्यांच्यावर येईल त्यांनी रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठावं. डायलिसिस त्या योजनेत बसतं.

रक्तातलं पोटॅशियम ५.८ निघालं, म्हणजे जास्त, आणि केळ्यात ते भरपूर असतं. डॉक्टरांनी पापड-लोणच्याबरोबर केळीही बंद केली. केळी काही सगळ्याच किडनीवाल्यांना बंद नसतात, ते रिपोर्ट बघून ठरतं. पण आमच्या पिशवीत रावेरची डझनभर केळी होती, वाटेत खायला घेतलेली. परतीच्या गाडीत अप्पांनी ती समोरच्या पोरांना एकेक करून वाटली. शेवटचं हातात धरून चाळीसगावपर्यंत बसले, मग तेही दिलं.