आमची वाटचाल : एका ‘झालं’पायी

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ दोन खोल्यांत मी आणि माझी भागीदार, अशी आमची सुरुवात. काम आंबा बागायतदारांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं: कोणत्या गाडीने किती पेट्या वाशीला गेल्या, पट्टी, म्हणजे दलालाकडचा विक्रीचा हिशेब, आली की भाडं-हमाली वजा जाता हातात काय उरलं. पहिली काही वर्षं बरी गेली. सांगायचं आहे ते एका एप्रिलचं.

बागेतूनच मोबाइलवर पेट्यांची नोंद करायची सोय आम्ही दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एका ठरावीक टप्प्यात, बांधली. प्रोग्रामर म्हणाला, झालं. त्याच्या लॅपटॉपवर चालत होतं. टेस्टर म्हणाली, झालं. तिने ऑफिसच्या वायफायवर तपासलं होतं. बोर्डावरची त्या कामाची चिठ्ठी ‘झालं’च्या शेवटच्या रकान्यात दिसली म्हणून मी बागायतदारांना फोन करून सांगितलं, झालं. पावस गावाच्या पुढे रेंज येते-जाते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तपासायचं कोणी, हे मात्र ठरलं नव्हतं. गडी बटण दाबायचा, उत्तर आलं नाही की पुन्हा दाबायचा. एकाच गाडीच्या पेट्या दोनदा चढल्या. भर हंगामात बागायतदार आणि दलाल यांच्यात आमच्यामुळे भांडणं लागली.

पंधरवड्यात निम्मं गिऱ्हाईक गेलं. शहरातल्या एका कंपनीने ते उचललं, आणि वर सांगत सुटली की गावातल्या पोरांचं काम असंच असतं. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. दुरुस्ती दोन दिवसांची होती: प्रत्येक नोंदीला मोबाइलवरच स्वतंत्र क्रमांक द्यायचा, म्हणजे तीच नोंद दहादा आली तरी एकदाच चढते.

राहिलेल्यांत पावसचे एक काका होते. वही घेऊन ऑफिसात आले. म्हणाले, “अरे, पेटी ठोकली म्हणजे झाली काय? भरली, ठोकली, मार्का मारला, वहीत चढली, गाडीत गेली, मग झाली. माझ्या खळ्यातल्या नव्या गड्यालाही हे ठाऊक असतं.”

त्याच रात्री भागीदाराने पेटीच्याच पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं: कोड दुसऱ्याने वाचला. स्वयंचलित चाचण्या पास. जुन्या अँड्रॉइडवर, रेंज बंद-चालू करून तपासलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पट्टी नीट छापली. मराठी मदत-टीप लिहिली. यातलं एक जरी राहिलं, तर झालं नाही. स्क्रममध्ये, म्हणजे छोट्या स्प्रिंटमध्ये काम करायच्या पद्धतीत, यालाच ‘डेफिनिशन ऑफ डन’, ‘झालं’ची व्याख्या, म्हणतात. 2020 च्या स्क्रम गाइडप्रमाणे या व्याख्येत न बसलेलं काम गिऱ्हाइकाला द्यायचं तर नाहीच, स्प्रिंट रिव्ह्यूत, म्हणजे स्प्रिंटअखेरच्या आढावा बैठकीतही, दाखवायचं नाही. ते परत बॅकलॉगमध्ये, म्हणजे बाकी कामांच्या यादीत, जातं. पहिल्या स्प्रिंटला सातपैकी दोनच चिठ्ठ्या शेवटच्या रकान्यात गेल्या. मी चिडलो. भागीदार ढिम्म हलली नाही. तिचंच बरोबर होतं: उरलेल्या पाच आधीही अर्धवटच असायच्या, फक्त आम्हाला त्या दिसत नव्हत्या.

नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांना सांगतो, ‘नव्वद टक्के झालं’ हे ऐकूनच घेऊ नका. ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया, म्हणजे काम मान्य करायच्या अटी, त्या त्या कामापुरते असतात, पुठ्ठा सगळ्या कामांना लागू. दोन्हींची गल्लत करू नका. एकाच प्रॉडक्टवर दोन टीम असतील तर पुठ्ठा एकच ठेवा. आणि एप्रिलमध्ये घाई आहे म्हणून त्यावरची ओळ खोडू नका. आम्ही एकदा खोडली होती, मे महिना त्यातच गेला.

गेलेल्यांपैकी चौघे परत आले, बाकीचे आले नाहीत. पुठ्ठा आता तिसरा आहे. यंदा त्यावर एक ओळ वाढली: भर उन्हात, बागेत उभं राहून स्क्रीन वाचता आली पाहिजे. ती काकांनी सांगितली.