दहाव्या मिनिटाला सरकणारं आडनाव

घरी जुळवलेल्या सीएनसीवर (संगणकाच्या हुकमावर कोरणाऱ्या यंत्रावर) पहिली पाटी कोरायला घेतली. 'श्री' झकास उमटला, पण आडनाव तीन मिलिमीटर वर सरकलं. पुन्हा कोरली, पुन्हा तेच, आणि दर वेळी साधारण दहा मिनिटं झाल्यावरच.

आधी हिशेब तपासला. मोटार एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर (मोटारीला करंट पुरवणारी चिप) प्रत्येकाचे १६ भाग करतो, स्क्रू एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकतो. म्हणजे मिलिमीटरला ४०० भाग. बरोबर होतं. मग मोटार आणि स्क्रू जोडणारी कपलिंग आवळली, स्क्रूला तेल दिलं. आठवडा गेला. (त्यात चालू मोटारीची पिन उपटून एक ड्रायव्हर जाळला तो वेगळाच.)

एकदा सहज ड्रायव्हरच्या हीटसिंकला बोट लावलं आणि चटका बसला. ए४९८८ वर, म्हणजे या ड्रायव्हर चिपवर, करंट ठरवणारा व्होल्टेज ०.८ व्होल्ट ठेवला की १ अँपिअर, हे मी कुठूनतरी उचललं होतं. पण तो हिशेब आर१००, म्हणजे ०.१ ओहमच्या रेझिस्टरचा. भिंगातून पाहिलं तर माझ्या बोर्डवरच्या रेझिस्टरवर आर१०० नाही, आर०५० लिहिलेलं. म्हणजे ०.०५ ओहम, आणि करंट थेट २ अँपिअर! चिप तापायची, स्वतःला वाचवायला क्षणभर बंद पडायची, परत सुरू व्हायची. तेवढ्यात पावलं हुकायची आणि यंत्र चालवणाऱ्या ग्रबल या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नसायचा. ०.४ व्होल्ट केला, छोटा पंखा लावला. आडनाव जागेवर आलं.

हे सगळं करताना एक गोष्ट मी खपवून घेत होतो. अनवाणी असताना फ्रेमला हात लागला की झिणझिण्या यायच्या. शेजारचे वायरमन काका पाटी बघायला आले, त्यांनी फ्रेमला टेस्टर लावला. दिवा लागला.

"अर्थिंग कुठंय रे?"

"दोन पिनांचीच वायर होती घरात, काका."

"मग तूच अर्थिंग झालास की."

एसएमपीएसच्या (यंत्राला वीज देणाऱ्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात. बॉडी अर्थला जोडलीच नाही तर ती अधांतरी, २३० च्या निम्म्यावर लटकते. करंट अगदी किरकोळ, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण आत फेजची वायर निसटून बॉडीला टेकली असती, तर फ्यूज उडाला नसता, आणि विजेला जमिनीत जायला वाटच नव्हती. माझ्या हाताशिवाय.

तीन पिनांची वायर आणली. अर्थच्या हिरव्या वायरला थिंबल लावून फ्रेमला बोल्टने आवळली, तरी मीटर काही दाखवेना. अॅल्युमिनियमवरचा अॅनोडाइझचा थर वीज वाहू देत नाही, हे तेव्हा कळलं. पॉलिश पेपरने घासल्यावर मीटर एका ओहमच्या खाली आला. पण काकांनी फेज आणि अर्थमध्ये बल्ब धरला तर तो मिणमिणता! अर्थिंगच्या खड्ड्यात दोन उन्हाळे कुणी पाणीच घातलं नव्हतं. दोन बादल्या ओतल्यावर बल्ब नीट पेटला. पुढच्या आठवड्यात काकांनी बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबीही (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवली.

कोरणारा राउटर (पातं फिरवणारं विजेचं हत्यार) मात्र अजून दोन पिनांचाच आहे. त्याचीही वायर कापायला निघालो होतो, तेव्हा काकांनी त्याच्या पट्टीवरची चौकोनात चौकोन अशी खूण दाखवली. दुहेरी इन्सुलेशन. म्हणाले, "याला हात लावू नकोस."