31 सुरांचं सप्तक आणि एक राहून गेलेलं टिंब

सुरुवात अगदी साध्या कॉर्डपासून झाली. सिंथवर, म्हणजे कीबोर्डने वाजवायच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरवर, ऑर्गनसारखा सपाट आवाज लावून सा, शुद्ध ग आणि प एकदम दाबून धरले होते, बराच वेळ तसेच, आणि गंधाराच्या आसपास काहीतरी भराभर थरथरतंय असं वाटायला लागलं. ट्यूनर लावला तर तिन्ही सूर हिरवे, काटा मधोमध. म्हटलं कान गेले की काय आपले.

मग कागद घेऊन बसलो. सुरांमधलं अंतर सेंटमध्ये मोजतात, सप्तक म्हणजे 1200 सेंट, त्याचे 12 सारखे तुकडे केले की ग येतो 400 वर, पण सा शी 5:4 असं नातं असलेला (सा च्या 4 लहरींत ज्याच्या 5 होतात असा) ग खरं तर 386.3 वर असतो, म्हणजे कीबोर्डवरचा ग जवळजवळ 14 सेंट चढा. कुठल्याही सुरात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा लहरीही मिसळलेल्या असतात. मधला सा 261.63 हर्ट्झ (सेकंदाला तेवढ्या लहरी) धरला तर त्याची पाचपट येते साधारण 1308 आणि कीबोर्डवरच्या ग ची चौपट 1318 च्या वर, या दोन्ही लहरी एकमेकींवर आपटतात आणि सेकंदाला दहा ठोके पडतात. तीच ती थरथर. पंचम मात्र जेमतेम 2 सेंट उतरलेला, त्याची काही तक्रार नाही.

तेवढा ग खाली ओढला की झालं, असं वाटतं, पण 386.3 चे तीन गंधार एकावर एक रचले की बेरीज 1159 होते, सप्तकाला 41 सेंट कमी पडतात, आणि ती तूट कुठल्या तरी पट्टीच्या गळ्यात पडतेच. म्हणून सगळे तुकडे सारखेच ठेवायचे पण जास्त करायचे, हा मार्ग. 19 करून बघितले, कोमल ग सुंदर लागतो पण शुद्ध ग आणि प दोन्ही सात-सात सेंट खाली. 53 म्हणजे कागदावर स्वप्नच, पंचमात एका सेंटच्या दहाव्या हिश्शाएवढाही फरक नाही, पण एका सप्तकात 53 पट्ट्या वाजवणार कोण. (22 बद्दल कुणीतरी विचारणारच, तर आपल्या संगीतात सप्तकात मानलेल्या 22 श्रुती, म्हणजे बारीक स्वरस्थानं, आणि 22 सारखे तुकडे यांचा एकमेकांशी संबंध नाही, श्रुतींच्या प्रचलित हिशोबात अंतरं साधारण 22, 70 आणि 90 सेंटची येतात, सारखी नाहीत.) शेवटी 31 वर आलो. सतराव्या शतकात हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने याचं गणित मांडलं होतं. यात ग येतो 387.1 वर, म्हणजे एक सेंटसुद्धा चूक नाही.

आता हे वाजवायचं कसं. आधी पिच बेंडने, म्हणजे वाजता सूर वर-खाली ओढायच्या सोयीने, करू म्हटलं, तर मिडीत (कीबोर्ड आणि सिंथ ज्या भाषेत बोलतात त्यात) बेंड अख्ख्या चॅनलला, म्हणजे त्या वाटेने जाणाऱ्या सगळ्या सुरांना, लागतो, ग खाली ओढला की सा आणि प पण त्याच्यामागून घसरतात. प्रत्येक सुराला वेगळा चॅनल देता येतो पण माझा सिंथ तेवढा शहाणा नाही. मग स्काला फॉरमॅटची ट्यूनिंग फाइल, म्हणजे कुठला सूर किती सेंटवर ते सिंथला सांगणारी यादी, लिहायला घेतली. साधी टेक्स्ट फाइल असते, वर वर्णन, मग किती सूर ते, मग एकेका ओळीत एकेक सूर, 38.710, 77.419 असं करत शेवटी सप्तक. सा लिहायचा नसतो, तो धरलेलाच असतो.

फाइल लोड केली आणि अर्धा कीबोर्ड मेला. माझ्याकडे 61 पट्ट्या आहेत, त्यातल्या मधल्या सा पासून वरच्या 31 झकास वाजत होत्या, डावीकडच्या 24 मुक्या आणि उजव्या टोकाच्या 6 पण मुक्या. दोन दिवस मी केबल बदल, सिंथ परत इन्स्टॉल कर, स्पीकरचा प्लग काढून लाव असले उद्योग केले. तिसऱ्या दिवशी फाइल ओळ-ओळ वाचताना दिसलं, शेवटच्या ओळीत मी 1200 लिहिलं होतं, नुसतं, टिंब न देता. या फॉरमॅटमध्ये टिंब असेल तर तो आकडा सेंट, नसेल तर गुणोत्तर. म्हणजे सिंथच्या मते माझं सप्तक 2 पट नव्हतं, 1200 पट होतं! वरचा सा तीन लाख हर्ट्झच्या पुढे आणि खालचा सेकंदाला पाव हेलकावासुद्धा पूर्ण न करणारा, वाजत होते बिचारे, ऐकायला कुणी नव्हतं. 1200.0 केलं, सगळं जिवंत.

मग पुन्हा तीच कॉर्ड. ग अक्षरशः विरघळला सा मध्ये, दर दोनेक सेकंदाला एक मंद हेलकावा, बस. पण आता पंचम डोलतोय, सेकंदाला दोनपेक्षा जास्त वेळा, कारण तो 5 सेंट उतरलाय. मला चालतं ते, गंधाराच्या थरथरीपेक्षा हे डोलणं कितीतरी सुसह्य आहे, पण ज्याला तंबोऱ्याच्या पंचमाची सवय आहे तो दोन मिनिटांत उठून जाईल.

वाजवण्याचं मात्र हाल. वरचा सा 31 पट्ट्या लांब, हात पुरतच नाही, पाठ केलेलं सगळं बोटांना परकं. म्हणून 31 मधले 12 सूर निवडून नेहमीच्या पट्ट्यांवर बसवले. बहुतेक कॉर्ड मस्त लागतात, फक्त कोमल ध च्या पट्टीवरून वरचा कोमल ग धरला की 735 सेंटचा पंचम येतो, त्याला वुल्फ म्हणतात आणि तो खरंच लांडग्यासारखा ओरडतो. ती पट्टी 774.19 वरून 812.90 वर नेली की तिथे शांतता, पण मग लांडगा कोमल रे वर जाऊन बसतो. तर आता दोन फाइली करून ठेवल्यात, आणि वाजवायला बसण्याआधी आज कुठली पट्टी टाळायचीय ते बघून त्यातली एक लावतो.