आमची वाटचाल : श्रुतलेखनाच्या वहीपासून सुरू झालेले काम

नाशिकच्या इंदिरानगरात दोन खोल्यांत आमची कंपनी सुरू झाली, ती शाळांना गुणपत्रके आणि फीच्या पावत्या संगणकावर करून देण्यासाठी. कामाची दिशा बदलली ती एका शिक्षिकाबाईंनी चौथीतल्या मुलाची श्रुतलेखनाची वही माझ्यापुढे उघडली तेव्हा. एकाच पानावर ‘घर’ हा शब्द कुठे ‘घर’, तर कुठे ‘धर’ असा होता. दोन शब्दांमधली जागा कधी नाहीशी, कधी बोटभर. आणि शिरोरेषा ओळीच्या शेवटाकडे घसरत गेलेली. तोंडी विचारले, की हाच मुलगा घडाघडा उत्तरे देई.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत येणाऱ्या अडचणीचा, समावेश आहे. परंतु भरलेल्या वर्गातून कोणाला तज्ज्ञांकडे पाठवायचे, हा प्रश्न शिक्षकांपुढे उरतोच. त्यासाठी आम्ही हस्ताक्षराच्या प्रतिमांवर न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणे पाहून शिकणारी संगणक प्रणाली, शिकवायला घेतले.

पहिल्या चाचणीचे निकाल इतके उत्तम आले, की आम्ही पेढे वाटले. मग सिडकोतल्या एका हुशार मुलीचा कोऱ्या कागदावरचा निबंध दिला, तर संगणकाने तिलाही संशयितांत टाकले. निदान झालेल्या मुलांचे नमुने उपचार केंद्रातून कोऱ्या कागदांवर आले होते आणि बाकीचे शाळेच्या दुरेघी वह्यांतून. संगणकाने अक्षर पाहिलेच नव्हते, कागद ओळखला होता. सगळे नमुने बाजूला ठेवून सातपूरच्या छापखान्यातून एकसारखे कागद छापून घेतले, उतारा आणि पेन्सिलही एकच ठेवली, आणि पालकांच्या लेखी संमतीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

सुरगाण्यात दुसरा धडा मिळाला. तिथे घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांनी बोलीतला उच्चार कागदावर उतरवला होता, आणि आमचे मॉडेल त्यालाच दोष समजत होते. तेव्हापासून घरची भाषा विचारल्याशिवाय आम्ही नमुना घेत नाही.

आज आमचा अहवाल फक्त खटकलेली अक्षरे पानावर खुणा करून दाखवतो आणि तज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्यास सुचवतो, कारण दृष्टिदोष किंवा बुडालेली शाळा यांमुळेही अक्षर असेच दिसू शकते. माहितीपत्रकातला ‘निदान’ हा शब्द आम्ही काढून टाकला, त्यामुळे दोन शाळांनी करार केला नाही.