देवनी मोरीला कशाला जाता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी कुणी "तिथं तर नुसतं पाणी आहे" म्हटलं की मी विषय बदलतो. ऑफिसात, नात्यात, अगदी आमच्या विहारातही हेच: बडोद्याहून पार उत्तर गुजरातेतल्या शामळाजीजवळच्या देवनी मोरीपर्यंत जायचं ते कशासाठी?

पाणीच आहे, मान्य. मेश्वो धरणाचं. विटांचा स्तूप आणि भिक्खूंचा विहार त्याखाली गेला. त्याआधी, १९६० ते १९६३ या काळात, आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठानं तिथं उत्खनन केलं म्हणून निदान भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आणि स्तूपाच्या पोटातला अस्थिकरंडक, म्हणजे बुद्धाच्या अस्थी ठेवलेली डबी, हाती लागला. दगडी करंडकावर लेख आहे. कथिक नावाच्या राजांच्या कालगणनेचं १२७ वं वर्ष, स्तूप उभारणारे भिक्खू अग्निवर्मा आणि सुदर्शन, आणि करंडक घडवणारा सेनाचा मुलगा वराह. दगड घडवणाऱ्याचं नाव बुद्धाच्या अस्थींसोबत जपलं गेलं, याचं मला फार मोल वाटतं.

एकदा आईला नेलं. तिनं पांढरं लुगडं नेसलं होतं, पिशवीत मेणबत्त्या आणि फुलं. काठावर उतरल्यावर म्हणाली, "विहार कुठंय रे?" मी पाण्याकडे हात केला. तिला वाटलं पलीकडच्या काठावर असेल, होडीनं जायचं असेल. मग समजावून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मी घाईघाईनं म्हटलं, "अस्थी वाचल्यात आई, बडोद्यातच आहेत, विद्यापीठात."

"मग मला इथं कशाला आणलंस? तिथंच न्यायचं होतंस!"

वाऱ्यात मेणबत्ती टिकेना. तिनं तिथंच त्रिसरण, बुद्ध-धम्म-संघाला शरण जाण्याची वंदना, म्हटलं आणि परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलली नाही. तुमचा प्रश्न मला पहिल्यांदा खरा लागला तो तिच्या तोंडून.

कॉलेजात असताना मी ठणकावून सांगायचो की धरण व्हायलाच नको होतं. आज तसं म्हणताना जीभ अडखळते, कारण त्या पाण्यावर लोकांची शेतं आहेत. पण म्हणून बुडालं ते बरं झालं, असंही माझ्याच्यानं म्हणवत नाही. करंडक कपाटात सुरक्षित आहे, खरंय. पण भिक्खू जिथं वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एका जागी मुक्कामाला, राहिले, ध्यानाला बसले, ती जागा कपाटात कशी मावेल?

आई पुन्हा यायला तयार नाही. मी या हिवाळ्यातही जाणार आहे.